साडेसहाचं शटर

आमच्या आईला रात्री जेवू घालायचं असेल तर आधी गॅरेजचं शटर उघडावं लागतं. संध्याकाळी साडेसहाला, रस्त्याच्या बाजूने, कुलूप वाजवून. मग आत येऊन ते खाली ओढायचं आणि शेवटची वीतभर फट पायाने दाबून बंद करायची. एवढं झालं की आई पानं घ्यायला उठते. बाबांना हे तीन वर्षं माहीत होतं. मला गेल्या दसऱ्यानंतर कळलं, तेही मी त्या शटरची आणि बाबांच्या उजव्या खांद्याची वाट लावल्यावर.

घर डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागात. बैठं, तीन खोल्यांचं, आणि त्याला चिकटून गॅरेज. आमच्याकडे मोटार कधीच नव्हती. नकाशा काढणाऱ्याने गॅरेज दाखवलं म्हणून बाबांनी ते बांधलं आणि त्यात स्कूटर ठेवली. एवढ्या मोठ्या शटरमागे एवढीशी स्कूटर बघून माझ्या मैत्रिणी खो खो हसायच्या. गॅरेजमधून स्वयंपाकघरात यायला एक दार आहे. कंपनीतून सुटले की बाबा शटर उघडून स्कूटर आत घ्यायचे, शटर ओढायचे आणि त्या दाराने घरात यायचे. पुढच्या दाराने आलेले बाबा मला आठवत नाहीत. कपड्यांना कंपनीतला केमिकलचा वास असायचा, आणि तो बैठकीच्या खोलीत न्यायचा नाही हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं.

आई तेव्हा स्वयंपाकघरात असायची. शटर वाजलं की तिथूनच विचारायची, "आलात?" बाबा कधी उत्तर द्यायचे नाहीत. शटर ओढणारा माणूस आलेलाच असतो, त्यात वेगळं काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. ते सरळ आंघोळीला जायचे. आईलाही उत्तर नको असायचं. "आलात?" म्हणता म्हणता तिने चहाचं आधण ठेवलेलं असायचं.

आमच्या भागातल्या हवेत लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज, गेटची कडी, सायकलची घंटी, सगळ्याला दोन पावसाळ्यांत तांब येतो. आईचे चांदीचे पैंजण बंद कपाटातसुद्धा काळे पडायचे. अशा हवेत बाबांनी ते शटर चाळीसेक वर्षं जगवलं. दरवर्षी पावसाळ्याआधी खरवडून रेड ऑक्साइड लावायचे. महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंचे गाइड, म्हणजे ज्या खोबणीतून शटर वर-खाली जातं त्या पट्ट्या, रॉकेलच्या फडक्याने पुसायचे आणि त्यांत मेणबत्ती घासायचे. शेजारपाजारचे ग्रीस भरायचे. बाबा म्हणायचे, "ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. मेण लावावं, मेण कोणाला चिकटत नाही." त्यासाठी घरातला मेणबत्तीचा प्रत्येक तुकडा बिस्किटांच्या डब्यात जमा व्हायचा. दिवाळीचे, लाइट गेल्यावरचे, आणि केकवरचेसुद्धा. माझ्या सगळ्या वाढदिवसांच्या मेणबत्त्या त्या शटरने खाल्ल्या आहेत.

इतकं करूनही ते वाजायचं. कुलपाची खणखण, पट्ट्यांचा खडखडाट आणि शेवटी धाड्. दहावीचा अभ्यास करताना मी कानात कापूस घालून बसायचे. शटरशी माझं वैर तेव्हापासूनचं.

मी आता कोलशेतला राहते, विसाव्या मजल्यावर. नोकरी बँकेत, त्यामुळे लोकांना काय करावं हे सांगायची सवय आहे. माझा स्वभाव तापट. लोक म्हणतात बाबांवर गेलीस, पण बाबा तापट नाहीत, हट्टी आहेत. तापट आई होती. होती म्हणायचं, कारण तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं आणि विसरण्यात पहिल्यांदा तिचा राग गेला. मग चष्म्याची जागा गेली, गॅसवरचं दूध गेलं, माझ्या मुलीचं नाव गेलं. मला तिच्या रागाची फार आठवण येते.

दर रविवारी सकाळी मी डोंबिवलीला जायचे आणि चारच्या सुमारास निघायचे. म्हणजे मला फक्त रविवारची, दिवसाउजेडाची आई ठाऊक होती. ती बाबांना "अहो, कोथिंबीर आणा" म्हणायची, मला "वाळलीस" म्हणायची. आपलं बरं चाललंय असं मी धरून चालले होते.

फोन मात्र मी संध्याकाळी करायचे, बँकेतून घरी येताना. साडेसहा वाजले की बाबा बोलणं अर्ध्यात तोडायचे. "थांब. शटर करून येतो."

"करून म्हणजे काय? स्कूटर तर तुम्ही दोन वर्षांत बाहेर काढली नाही."

"रोज चालवलं नाही तर जाम होतं."

मला वाटायचं, म्हातारपणीचा चाळा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रोज गेटमधून बाहेर जातो, वजनदार शटर वर ढकलतो, आत येतो, पुन्हा खाली ओढतो. मग मी त्या शटरच्या मागेच लागले. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात जाऊन दारं पाहून आले. रिमोटवर चालणारी, आतून फोम भरलेली, लाकडासारखी दिसणारी. दुकानदाराने एक उघडून दाखवलं तर मुंगी चालल्याइतकाही आवाज नाही. त्याचा कॅटलॉग घेऊन मी रविवारी बाबांपुढे ठेवला आणि म्हटलं, "बाबा, दार उघडल्याचं शेजाऱ्यांनासुद्धा कळत नाही."

बाबांनी चष्मा लावून सगळी पानं बघितली. मग म्हणाले, "कोणाला कळणार नसेल तर उघडून उपयोग काय?"

मी इतकी चिडले की त्या दिवशी जेवताना त्यांच्याशी बोललेच नाही.

मग दसरा आला. बाबांनी सकाळी स्कूटर धुतली, पाने-पक्कड-स्क्रूड्रायव्हर मांडून हळद-कुंकू वाहिलं. आईपुढे झेंडूची टोपली आणि आंब्याचा टाळा ठेवला. नातीचं नाव विसरलेली ती बाई तोरण विसरली नव्हती. दोन फुलं, एक पान, दोन फुलं, एक पान. बाबा पूर्वी कंपनीतून मोटारीच्या वाइंडिंगची पातळ तार आणायचे, त्या तारेत ओवलेलं तोरण महिनाभर तुटत नाही. तिने एक घराच्या दाराला केलं आणि दुसरं, पुरुषभर लांब, शटरसाठी. फुलं संपल्यावरही बोटं हलत होती. मी ते हात धरून ठेवले.

श्रीखंड-पुरी खाऊन बाबा आडवे झाले, आणि मी स्टूल घेऊन शटरचं तोरण बांधायला गेले. बाबा ते नेहमी शटरच्या वर, भिंतीतल्या दोन खिळ्यांना लावायचे. बघते तर खिळे गंजून झडून गेलेले. आता खिळे शोधा, हातोडी शोधा, झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर ठोका. शटरच्या अगदी वरच्या पट्टीला गंजाने दोन भोकं पडली होती, बरोबर दोन टोकांना. मी त्यांतून तार ओवली, चांगले चार पीळ दिले. बंद शटरवर तोरण असं शोभलं की मी फोटोसुद्धा काढला. मग नेहमीप्रमाणे चारला निघाले.

शटर वर जाताना गुंडाळलं जातं, आणि वरची पट्टी सगळ्यात आधी गुंडाळली जाते. हे शाळकरी पोराला कळेल. मी त्या घरात वाढलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन आला. "शटर जरा अडकलंय. स्प्रिंग जुनी झाली. तू संध्याकाळी येऊ शकशील?" बाबा मला मधल्या वारी कधी बोलवत नाहीत. पण मला ऐकू काय आलं, तर स्प्रिंग जुनी झाली. मी तो कॅटलॉग पर्समध्ये घातला आणि बँकेतून तशीच डोंबिवलीला गेले.

शटर कमरेइतकं उघडं, वरही जाईना आणि खालीही येईना. मी वाकून बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं. तोरण कुठे गेलं, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. घरात बाबा चहा ढवळत होते, डाव्या हाताने. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

साडेसहा वाजून गेले होते. आई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बराच उशीर झाला ना गं? हे अजून कसे आले नाहीत?"

बाबा तिच्या समोरच्या खुर्चीत बसले होते. मी हसले. "आई, बाबा हे काय इथेच आहेत."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हळू बोल. भावोजींना काय वाटेल?"

बाबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. आई गॅरेजच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आठ वाजता मी पानं वाढली, तिला धरून आणलं. तिने आपल्या पानावर ताट झाकलं. "ह्यांच्या आधी जेवू मी?" लग्न झाल्यापासून ती कधी बाबांच्या आधी जेवली नव्हती, त्यावरून मी तिच्याशी कॉलेजात असताना तावातावाने भांडलेही होते. मी म्हटलं, "बाबा मघाशीच येऊन जेवले, झोपलेत." ती म्हणाली, "शटर कुठे वाजलं?"

मग बाबा बोलले. आवाज जरा बदलून, आपल्या धाकट्या भावासारखा जाड करून. "वहिनी, दादाला आज उशीर होणार आहे. तुम्ही जेवून घ्या."

"येऊ द्या की. थांबते मी."

आईला साखर आहे. रात्रीची गोळी उपाशीपोटी देता येत नाही आणि गोळी चुकवूनही चालत नाही. आदल्या रात्रीही ती जेवली नव्हती. ही दुसरी रात्र. शेवटी तिने चार घोट दूध घेतलं आणि तशीच झोपली. बाबा गॅरेजमध्ये जाऊन स्कूटरवर बसले. मी त्यांच्या मागे गेले.

"सकाळी ओळखते," ते म्हणाले. "दुपारी कधी कधी. उन्हं उतरली की नाही. पण शटर वाजलं की मी आलो. मग झोपेपर्यंत मीच असतो."

"रोज?"

"रोज. गेटमधून बाहेर जायचं आणि इकडून यायचं. काही फार नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू लगेच काहीतरी केलं असतंस."

पर्समधला कॅटलॉग मी परत बाहेर काढला नाही.

सकाळी शटरवाले आले, मोहन्याहून. बाबांच्या माहितीतले, पन्नाशीचे, शिडी स्वतःच घेऊन येणारे. "मागच्या वेळी पण मीच आलेलो, काका," म्हणत त्यांनी वरच्या पेटीचा पत्रा काढला. आत हात घातला आणि मूठभर झेंडू खाली टाकला. मग आणखी मूठभर. मग चेमटलेली आंब्याची पानं, आणि मग पकडीने ओढत ओढत ती तार. ती शटर गुंडाळणाऱ्या दांड्याच्या कडेला अशी आवळून बसली होती की कापून काढायला अर्धा तास गेला.

"हे कोणी बांधलं शटरला?" त्यांनी शिडीवरून विचारलं.

बाबा म्हणाले, "स्प्रिंग जुनी झाली होती."

"स्प्रिंग ठणठणीत आहे हो काका! ही तार बघा."

मी म्हटलं, "मी बांधलं." माझा चेहरा बघून ते गृहस्थ पट्ट्या मोजायला लागले.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?" मी बाबांना विचारलं.

"दिसलं ना."

"मग काढून का नाही टाकलंत?"

"दसऱ्याचं तोरण त्याच दिवशी कसं काढायचं? तिने केलेलं, तू बांधलेलं." ते खाली पडलेली फुलं डाव्या हाताने गोळा करत होते. "म्हटलं आजच्या दिवस अर्धंच उचलावं. अर्धं गेलं नीट. खाली येईना."

ते खाली येईना म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी लोंबकळून ओढलं होतं, आणि उजव्या खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. तो हात छातीच्या वर जात नव्हता. दोन दिवस त्यांनी डाव्या हाताने चहा ढवळला आणि मला स्प्रिंग जुनी झाल्याचं सांगितलं. मी बँकेत लोकांवर ओरडते, तशी त्यांच्यावर ओरडले. मग रडले. शटरवाले शिडीवरून उतरून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

परत आल्यावर त्यांनी सांगितलं की खालच्या आठ पट्ट्या सडल्यात, तेवढ्या बदलू, बाकी काकांनी छान राखलंय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मोटर बसवता येईल, ताई. काकांना आता जमायचं नाही. गाइडमध्ये पट्टी घालून आवाजपण बंद करतो."

"मोटर नको," मी म्हटलं. "आणि आवाज तसाच राहू दे."

"तसाच?"

"आहे तस्सा. जरासुद्धा कमी करायचा नाही."

"ताई, लोक मला आवाज बंद करायला बोलावतात."

मी त्यांना का ते सांगितलं. ते थोडा वेळ पट्टीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "स्प्रिंगला दोन वेढे जास्त देतो. हलकं होईल, एका हाताने उचलेल. वाजेल पहिल्यासारखंच." जाताना मी गाइडला ग्रीस लावायचं का विचारलं, तर बाबा आणि ते एकदमच "नाही" म्हणाले.

त्या संध्याकाळी बाबा डाव्या हाताने बाहेरून आणि मी आतून, चपला काढून, श्वाससुद्धा न वाजवता टेकू देत, असं आम्ही शटर वर नेलं. आतून आवाज आला, "आलात?" आई दोन पोळ्या जेवली. मी मोजल्या.

खांद्याचं ऑपरेशन टळण्यासारखं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये तारीख मिळाली, चार दिवस राहायचं. माझा नवरा बाबांजवळ थांबला, मी सुट्टी काढून आईजवळ. निघताना बाबांनी ऑपरेशनबद्दल चकार शब्द काढला नाही. मला गॅरेजमध्ये नेऊन म्हणाले, "साडेसहा. विसरू नको."

पहिल्या दिवशी मी सहापासूनच घड्याळ बघत होते. साडेसहाला गेटमधून बाहेर गेले, कुलूप काढलं, शटर वर नेलं. स्प्रिंगमुळे इतकं हलकं झालं होतं की सरसर गेलं. आत आले, ओढलं, पायाने दाबलं. धाड्.

आतून आई म्हणाली, "कोण आहे?"

ती दाराशी आली, मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "तू होय? मला वाटलं हे आले." त्या रात्रीही दूधच.

सकाळी मी बाबांना फोन केला. ऑपरेशन दुपारी होतं. मला वाटलं त्यांना काही सांगू नये, पण त्यांनीच विचारलं, "जेवली?"

"नाही. नव्या पट्ट्यांमुळे आवाज बदललाय बहुतेक."

"पट्ट्यांचं काही नाही. तू एका दमात उचललंस का?"

"हो."

"मी कधी एका दमात नाही उचलत. अर्ध्यावर थांबायचं. डब्याची पिशवी असते ना हातात, ती आत ठेवायची, मग दोन्ही हातांनी वर. आणि कुलूप खिशात नाही टाकायचं, कडीला अडकवायचं. ते दोनदा वाजतं."

"बाबा, डब्याची पिशवी कुठे आहे आता?"

"नाहीये. पण थांबायची सवय आहे."

त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं तेव्हा मी डोंबिवलीत गॅरेजमध्ये होते आणि जुन्या फळीवर ती पिशवी शोधत होते. सापडली. खाकी, बंद एकीकडे शिवलेला. मी तिच्यात एक रिकामा डबा घातला. दुपारी नवऱ्याचा फोन आला, सगळं नीट झालं. साडेसहाला मी बाहेर गेले. कुलूप काढलं, कडीला अडकवलं. शटर कमरेइतकं नेलं. वाकून पिशवी आत ठेवली. मग दोन्ही हातांनी वर. आत येऊन खाली ओढलं आणि शेवटच्या वितीला पाय दिला.

"आलात?"

मी अंधारात तशीच उभी राहिले. उत्तर द्यायचं नव्हतं, ते एक बरं होतं, कारण मला देता आलं नसतं. आत गेले तर आईने गॅसवर आधण ठेवलं होतं आणि मला म्हणाली, "अगं, ते आलेत. टॉवेल दे त्यांना." मी न्हाणीघराच्या दारावर टॉवेल टाकला. थोड्या वेळाने म्हटलं, "आई, बाबा जेवून पडले. दमले होते." ती म्हणाली, "दमणारच. उन्हातान्हाचं येतात." आणि पान ओढून जेवायला बसली. त्या रात्री मीही तिच्या पानात तिच्याबरोबर जेवले.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. चौथ्या दिवशी बाबांना घरी सोडलं. कागदपत्रांत सगळा दिवस गेला, आणि रिक्षा दाराशी आली तेव्हा सव्वासहा वाजले होते. हात गळ्यात झोळीला अडकवलेला, चार दिवसांची पांढरी दाढी, अंगाला हॉस्पिटलचा वास. नवऱ्याने त्यांना धरून पुढच्या दाराने आत आणलं. माझ्याही लक्षात आलं नाही.

आई बैठकीच्या खोलीत होती. ती चटकन उठून उभी राहिली, पदर सावरला. "या. बसा ना." मला म्हणाली, "पाणी आण गं." मग त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "फार लागलंय का? बसा, हे येतीलच इतक्यात."

बाबा बसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला डाव्या हाताने घेतला, प्यायले आणि म्हणाले, "येतो मग." ते पुढच्या दाराने तसेच बाहेर पडले, गेटमधून रस्त्यावर. मी पिशवी घेऊन त्यांच्यामागे धावले.

शटरसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. मी कुलूप काढून कडीला अडकवलं. ते दोनदा वाजलं. त्यांनी डावा हात खालच्या पट्टीला लावला, शेजारी मी माझे दोन. कमरेइतकं आलं तसे ते थांबले. मी पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाकून आत ठेवली, आणि मग आम्ही मिळून वर नेलं. आत येऊन मी ओढलं. शेवटची वीत त्यांनीच दाबली.

"आलात?"

मी आयुष्यभर त्या घरात हा प्रश्न ऐकला आणि त्याचं उत्तर कधी ऐकलं नाही. बाबा त्या अंधारात भिंतीला टेकले होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता.

"आलो गं," ते म्हणाले.

आत आधणाचं झाकण वाजलं. आम्ही स्वयंपाकघरात गेलो. आईने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "उशीर केलात आज. तुमच्याकडे कोणी आले होते हो. मी बसा म्हटलं, पण थांबले नाहीत."

"कोण होते?"

"ओळखीचे वाटले. हाताला लागलं होतं बिचाऱ्यांच्या."

बाबांनी खुंटीवरचा टॉवेल काढून झोळीतल्या हातावर घेतला आणि म्हणाले, "येतील परत. तू पानं घे."